आजारी माणसाची गाडी ‘सरेंडर’ करून देणारा

वरुड-मोर्शी भागात ज्यांच्या पिकअपवर किस्त चालू आहे आणि घरात कोणी गंभीर आजारी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ‘गाडी सरेंडर करून देतो’, म्हणजे कंपनीला परत देऊन कर्ज मिटवून देतो, असं सांगणाऱ्या एका माणसाने माझ्या मोठ्या भावाची गाडी नेली. प्रकरण पोलिसांत आहे, म्हणून त्या माणसाचं आणि फायनान्स कंपनीचं नाव इथे देत नाही.

दादाची पिकअप संत्र्याची. आंबिया बहारात रात्री माल भरायचा आणि पहाटे नागपूरला कळमन्यात उतरवायचा. एरवी कापूस, ढेप, कोणाच्या लग्नाचं सामान. 2023 मध्ये घेतलेली गाडी, किस्त 19,800 रुपये, आणि ती गाडीच काढायची. मग पायांना सूज आली, धाप लागायला लागली, आणि अमरावतीला निदान झालं की दोन्ही किडन्या निकामी आहेत. डायलिसिस योजनेत बसलं, पैसे लागत नाहीत. पण आठवड्यातून दोनदा मशीनवर झोपणारा माणूस रात्रीची गाडी कशी हाकणार? ड्रायव्हर ठेवून पाहिला. डिझेल आणि त्याची मजुरी गेली की किस्तीपुरतंही उरत नव्हतं.

दोन किस्ती थकल्या आणि हा माणूस दारात आला. अनोळखी नव्हे. गाडी घेताना शोरूममध्ये फायनान्सच्या टेबलावर बसून दादाची फाइल यानेच केली होती. वहिनीच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाला, “भाऊ, टेन्शन कायले घेता? सिरियस बिमारी असली का कंपनी गाडी वापस घेते. लोनवर इन्शुरन्स हाये ना तुमचा, बाकीचे पैसे तो भरते. तुमी फक्त सह्या करा.”

सह्या कशाकशावर घेतल्या ते नीट वाचा. फॉर्म 29 आणि फॉर्म 30, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म, दोन्ही कोरे. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली ताबा पावती, त्यात घेणाऱ्याचं नाव रिकामं. मूळ आरसी आणि दोन्ही चाव्या त्याच्याकडे. वर ‘सेटलमेंट चार्ज’ म्हणून 45,000 रुपये, तेही कंपनीच्या खात्यात नाही, त्याच्या मेव्हण्याच्या फोन नंबरवर. बदल्यात कंपनीच्या लेटरहेडची झेरॉक्स मिळाली. तिच्यावर ‘गाडी जमा’ एवढंच लिहिलेलं होतं आणि शिक्का वाचता येत नव्हता.

बिंग फोडलं फास्टॅगने. त्यात थोडे पैसे शिल्लक होते आणि नंबर दादाचा. डायलिसिसच्या खाटेवर असतानाच बैतूल रस्त्यावरच्या टोलनाक्याचा मेसेज आला. कंपनीच्या यार्डात उभी असलेली गाडी टोल कशी भरते? पुढे ई-चलान आलं आणि त्यामागून कंपनीची थकबाकीची नोटीस.

अमरावतीच्या शाखेत विचारलं तर सरेंडरची नोंदच नव्हती. कर्ज जसंच्या तसं चालू, वर दंडाची रक्कम चढलेली. “तो कमिशनवर होता, आता आमच्याकडे नाही,” इतकं सांगून मॅनेजर मोकळे. कर्ज विकताना त्याच टेबलावर कंपनीचा बोर्ड होता, हे मात्र त्यांना आठवत नव्हतं.

आरसीवर कंपनीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, होता, म्हणून त्यांच्या संमतीशिवाय गाडी कोणाच्या नावावर होऊ शकली नाही. एवढाच दिलासा, आणि भीतीही तिथेच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय की गाडी विकली, ताबा दिला, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार. म्हणजे बैतूलकडे कोणा अनोळखी पोराने गाडी ठोकली असती, तर दावा खाटेवरच्या दादावर आला असता.

खरं सरेंडर कसं होतं ते शाखेतच कळलं, आणि ते गोड नाही. गाडी शाखेत लेखी अर्ज देऊन जमा करायची, टायर, बॅटरी, स्टेपनीची यादी करून सही-शिक्क्याची पोच घ्यायची. कंपनी गाडीचा लिलाव करते आणि आलेली रक्कम कर्जातून वजा करते. कमी पडेल ते तुमच्याकडूनच मागते. आजारी आहे म्हणून बाकी आपोआप माफ होत नाही. त्यापेक्षा शाखेतून कर्ज आज बंद करायला किती रक्कम लागेल ते लेखी घ्या, गिऱ्हाईक स्वतः शोधा आणि त्याचे पैसे थेट कर्जखात्यात भरायला लावा. मग कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म 35 घेऊन बोजा उतरवा, आणि त्यानंतरच 29-30 वर सही. लिलावापेक्षा चार पैसे जास्तच येतात.

आता त्याच्या थापेतला सगळ्यात चीड आणणारा भाग. इन्शुरन्स खरंच होता! कर्ज देताना हप्त्यात मिसळून प्रीमियम घेतला होता, पण प्रमाणपत्र कधी हाती दिलं नव्हतं. शाखेकडे लेखी मागितल्यावर ते निघालं. नुसता मृत्यूचा विमा नाही, गंभीर आजारांची यादीही त्यात होती, आणि नियमित डायलिसिस लागणारी किडनी निकामी होणं त्या यादीत होतं. सुरुवातीचा प्रतीक्षाकाळही कधीच उलटून गेला होता. विमा बाकीचं भरतो हे त्याला ठाऊक होतं. दावा मात्र कोणीच लावला नव्हता. सगळ्यांच्याच पॉलिसीत हे असेल असं नाही, काहींत फक्त मृत्यू आणि अपघात असतो. म्हणून कर्जाचा कागद काढून प्रीमियम कापलाय का ते आधी बघा.

ठाण्यात पहिल्यांदा “हा दिवाणी मामला आहे” हेच ऐकवलं. फास्टॅगचं स्टेटमेंट आणि मेव्हण्याच्या नंबरवर गेलेल्या पैशांचा पुरावा ठेवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदला. गाडी मुलताईजवळ सापडली, पुढचे दोन टायर बदललेले, म्हणजे घासलेले लावलेले. आरटीओला कोऱ्या सह्यांबद्दल अर्ज देऊन त्याची पोच ठेवली. कंपनीकडे लेखी तक्रार केली. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी 14448 वर फुकट माहिती मिळते. ग्राहक आयोगातही पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

विम्याचा दावा लावलाय. विमा कंपनीने डायलिसिसच्या नोंदी आणि किडनीच्या डॉक्टरांचं पत्र मागवलं, ते गेल्या आठवड्यात दिलं. तोवर किस्तीचे फोन चालूच आहेत. ते आता दादा उचलत नाही, मी उचलतो आणि आधी नाव, शाखा आणि ओळखपत्राचा नंबर विचारतो. अर्धे तिथेच फोन ठेवतात. 45,000 अजून परत आलेले नाहीत.