सोळाव्या वर्षाचे दोन शो: मुलांना कोणता चालेल?

दोन्ही अमेरिकेतल्या एमटीव्हीचे. ‘माय सुपर स्वीट सिक्स्टीन’ (२००५) वरवर निरुपद्रवी: श्रीमंत घरची मुलगी, वाढदिवसाचा थाटमाट, भेट म्हणून नवी कोरी गाडी, आणि मनासारखं झालं नाही की आदळआपट. शिव्या बीपखाली झाकतात, हट्ट मात्र पुरवला जातोच. खटकतं ते हेच.

‘सिक्स्टीन अँड प्रेग्नंट’चं (२००९) नाव ऐकूनच पालक दचकतात. पण त्यात रात्रभर रडणारं बाळ, शाळेची ओढाताण, काढता पाय घेणारा मित्र दिसतो. या शोमुळे तिथं किशोरवयीन मुलींची बाळंतपणं ५.७ टक्क्यांनी घटली, असं २०१४ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी मांडलं. इतरांनी त्यावर आक्षेपही घेतले. पंधरा वर्षांच्या मुलीसोबत बसून मी हाच बघेन. दहा वर्षांच्या पोराला दोन्ही नकोत.