चार नेटवर्क कॅमेरे आणि एक फर्मवेअर अपडेट

आमच्या सोसायटीत फाटक, वाहनतळ, गच्चीचे दार आणि जिना या ठिकाणी चार नेटवर्क कॅमेरे बसवून आता दोन वर्षे झाली. ते ४ मेगापिक्सेलचे असून त्यांचे भिंग २.८ मिलिमीटरचे आहे, आणि पीओई पद्धतीमुळे वीज व चित्र दोन्ही एकाच केबलमधून जातात. कंपनीचे नाव मुद्दामच घेत नाही.

दिवसाच्या चित्राबद्दल तक्रार नाही. फाटकातून आत येणाऱ्याचा चेहरा चार मीटरांवरून स्पष्ट ओळखता येतो, मात्र २.८ मिलिमीटरचे भिंग शंभर अंशांच्या आसपासचा पट्टा टिपत असल्यामुळे बारा मीटरांवरील गाडीची नंबर प्लेट वाचण्याची आशा धरू नये. त्यासाठी ६ किंवा ८ मिलिमीटरचे भिंग घ्यावे, हे विक्रेत्याने आधी सांगायला हवे होते. रात्री इन्फ्रारेड प्रकाशात कोळ्याचे जाळे पांढरेशुभ्र चमकते आणि वाऱ्याने हलले की मोबाइलवर सूचना येत राहतात. त्यामुळे महिन्यातून एकदा शिडीवर चढणे आलेच. साठवणुकीचा हिशोब सोपा आहे: ४ एमबीपीएस वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा घेतो, म्हणजे २ टीबीच्या डिस्कमध्ये चौघांचे साडेअकरा दिवसच मावतात. एच.२६५ ही चित्र अधिक दाबून साठवणारी पद्धत निवडून वेग २ एमबीपीएसवर आणल्यावर ही मुदत दुप्पट झाली आणि चित्रात डोळ्यांना जाणवेल असा फरक पडला नाही.

खरी परीक्षा फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारे त्याच्या आतले सॉफ्टवेअर, बदलताना झाली. कॅमेरे बसवून देणाऱ्याचा सल्ला होता, "चालू कॅमेऱ्याला हात लावू नका, साहेब." तो मला पटला नाही. २०१६ साली मिराई या मालवेअरने कारखान्यातलेच पासवर्ड कायम असलेले असंख्य कॅमेरे आणि चित्रीकरण साठवणारे डीव्हीआर ताब्यात घेतले होते, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजन या चिनी कंपनीच्या अनेक कॅमेऱ्यांमध्ये पासवर्डशिवाय आत शिरू देणारी त्रुटी जाहीर झाली, तेव्हा त्यावरचा उपाय नवे फर्मवेअर हाच होता. पहिला धोका पासवर्ड बदलून टळतो, दुसरा मात्र टळत नाही.

रविवारी सकाळी, एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारा रेकॉर्डर) आणि कॅमेऱ्यांच्या केबल जोडलेला नेटवर्क स्विच यूपीएसवर आहेत याची खात्री करून (अपडेट अर्धवट असताना वीज गेली, तर कॅमेरा पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते), मी फाटकाच्या कॅमेऱ्यात फाइल चढवली. पाच मिनिटांत तो सुरू झाला, पण एनव्हीआरवर चौकोन काळाच राहिला. आमचा एनव्हीआर दुसऱ्या कंपनीचा असल्याने दोघांचे बोलणे ऑनव्हिफ या वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांसाठीच्या सामाईक भाषेतून चालते, आणि नव्या फर्मवेअरने ऑनव्हिफ बंद करून त्यासाठी स्वतंत्र वापरकर्ता सक्तीचा केला होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल योग्यच आहे. परंतु कंपनीच्या टिपणात "कार्यक्षमतेत सुधारणा" एवढे दोनच शब्द होते, आणि त्यापायी माझे दोन तास गेले. कॅमेऱ्याच्या वेब पानावर जाऊन ऑनव्हिफ सुरू केले, नवा वापरकर्ता केला, एनव्हीआरमध्ये त्याचा पासवर्ड भरला, तेव्हा चित्र आले. घड्याळाचा टाइम झोनही बदललेला निघाला. तो तसाच राहिला असता, तर चित्रीकरणावरच्या वेळेवर कोणी विश्वास ठेवला नसता. सेटिंग्जची फाइल आधी उतरवून ठेवली होती, म्हणून पुढचे दोन कॅमेरे अर्ध्या तासात उरकले.

जिन्यावरच्या चौथ्याने फाइल साफ नाकारली. नाव आणि रूप तेच असले, तरी त्याची हार्डवेअर आवृत्ती वेगळी आहे आणि तिच्यासाठी कंपनीने नवे फर्मवेअर दिलेलेच नाही. एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, त्यामुळे आता खरेदी करणाऱ्याने एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र अवश्य मागावे, आणि खोक्यावरची हार्डवेअर आवृत्तीही चौघांची एकच आहे का, हे दुकानातच पाहून घ्यावे. आमचे कॅमेरे त्याआधीचे आहेत. चौथ्याचे क्लाउड खाते मी बंद केले आणि राउटरवर त्याचा इंटरनेटचा रस्ता अडवला, त्यामुळे तो आता फक्त एनव्हीआरशी बोलतो. चित्र मात्र चौघांत त्याचेच सर्वांत चांगले येते, कारण जिन्यात रात्रभर दिवा असतो.