फ्युएल प्रेशर गेज किट: चढावर अडखळणाऱ्या जुन्या पिकअपसाठी

इंजेक्शनचं जुनं पिकअप जोर लावताना अडखळत असेल, तर स्कॅनरच्याही (कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) आधी फ्युएल प्रेशर गेज, म्हणजे पेट्रोलचा दाब मोजणारा काटा, हातात घ्या, असं माझं ठाम मत झालंय. माझ्याकडच्या किटमध्ये शंभर पीएसआयपर्यंतचा (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) गेज, जाड होज, प्रेशर सोडायचं बटण, त्याला लावलेली पारदर्शक नळी आणि ॲडॉप्टरांची पेटी आहे. याच रचनेची किट्स अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे नावापेक्षा ते वापरायचं कसं आणि घेताना बघायचं काय, हे सांगतो.

आधी गाडीचं दुखणं. १९९० च्या दशकातली, सहा सिलिंडरची, मल्टिपॉइंट इंजेक्शनची (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) गाडी. आयडलला (पेडल न दाबता) इंजिन एकदम शांत. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर पळवा, तक्रार नाही. मागे माल भरून चढाला ॲक्सिलरेटर दाबला की मात्र इंजिन क्षणभर बसायचं, झटका द्यायचं आणि मग पुन्हा उचलायचं. चेक इंजिनचा दिवा नाही, कोड नाही. अशा गाडीला थ्रॉटल पोझिशन सेन्सर (ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते कॉम्प्युटरला कळवणारा) बदला, प्लग बदला, वायरी बदला, इंजेक्टर बदला, असे सल्ले चहूकडून मिळतात. न मोजता पार्ट बदलणं मला मुळीच पटत नाही.

कोड का येत नाही, हे समजलं की या गेजची किंमत कळते. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत रेलमधलं (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर मोजणारा सेन्सरच नाही. कॉम्प्युटर फक्त इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो आणि मागे प्रेशर बरोबर आहे असं धरून चालतो. नळाला जोर नसेल तर तेवढ्याच वेळात बादली भरत नाही, तसंच हे. हलक्या पायाने चालवताना मिश्रण पातळ झालं तर ऑक्सिजन सेन्सर कळवतो आणि कॉम्प्युटर थोडी भरपाई करतो. पाय पूर्ण दाबला की तो त्या सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि आतल्या ठरीव तक्त्यावर चालतो. पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं ते नेमकं तेव्हाच.

जोडणी सोपी आहे. इंजिन थंड असू द्या, रेलवरच्या श्रेडर व्हॉल्व्हभोवती (टायरच्या व्हॉल्व्हसारखी गेज जोडायची जागा) फडकं धरा, होज हाताने आवळा. आग विझवायचा सिलिंडर जवळ हवाच. चावी फिरवली की पंप दोनेक सेकंद चालतो. माझ्या गाडीत काटा ४० वर गेला आणि तिथेच राहिला. इंजिन सुरू केल्यावर ३२. रेग्युलेटरची (प्रेशर नियंत्रित करणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी काढली की पुन्हा ४०, म्हणजे रेग्युलेटर काम करतोय. त्या नळीला पेट्रोलचा ओलावा किंवा वास नव्हता, म्हणजे आतला पडदा फाटलेला नाही. इंजिन बंद केल्यावरही प्रेशर टिकून होतं. इथवर पंपाला नाव ठेवायला जागा नाही, आणि बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच संपते.

पण झटका बसतो तो चालत्या गाडीत, चढावर. म्हणून होजची लांबी ही मला या किटमधली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. बोनेटच्या मागच्या फटीतून होज बाहेर काढून गेज काचेवर वायपरखाली, टेपने घट्ट बसवता येतो. होज पट्ट्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा, इंजिन चालू ठेवून गळती बघा, मगच निघा. गेज केबिनच्या आत कधीही घेऊ नका. त्यात पेट्रोल असतं. शेजारी एकजण काटा बघायला हवा, चालवणाऱ्याने रस्ता बघावा.

भरलेली गाडी चढाला लागली, पाय दाबला, आणि काटा ४० वरून २५ च्या आसपास घसरला. झटका त्याच क्षणी. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, म्हणजे या घसरणीत साधारण पाचवा हिस्सा कमी मिळत होता. आयडलला मागणीच इतकी थोडी असते की अशक्त पुरवठाही तेव्हा पुरतो.

पुढे काम मल्टिमीटरचं. पेट्रोलचा फिल्टर नवा होता, म्हणून पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवरच व्होल्टेज मोजलं. बॅटरीवर १४ च्या जवळ, पंपाला मिळत होते जेमतेम साडेदहा. पंपाच्या अर्थच्या वायरीपासून (चेसिसला जोडलेली परतीची वायर) बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं तर जवळपास सगळी तूट तिथेच. चेसिसवरचा अर्थचा बोल्ट गंजला होता. घासून साफ केला, वायरीच्या टोकाला नवा लग (बोल्टाखाली बसणारी कडी) लावला, त्याच चढाला काटा ४० वर ठाम राहिला. पंप जुनाच आहे आणि उत्तम चालतोय.

झटका बसताना काटा हललाच नसता, तरीही हे पैसे वसूल झाले असते. मग पेट्रोलचा पुरवठा संशयातून सुटला, आणि कॉईल, वायरी, व्हॅक्यूमची गळती, अडकलेला ईजीआर (जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), थ्रॉटल सेन्सर यांच्याकडे मोकळ्या मनाने वळता येतं. थ्रॉटल सेन्सरसाठी काट्याचा मीटर घ्या. पेडल सावकाश दाबताना व्होल्टेज मध्येच पडलं, तर झिजलेली जागा लगेच दिसते.

आता उणिवा. ॲडॉप्टरांवर मापं कोरलेली नाहीत, प्रत्येक वेळी लावून बघावं लागतं. पारदर्शक नळी फारच आखूड आहे; पेट्रोल बाटलीत सोडताना बाटली गरम इंजिनाजवळ धरावी लागते, म्हणून मी ती बदलून लांब बसवली. आणि ज्यांच्या गाडीत थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (सगळ्या सिलिंडरांसाठी पेट्रोल थ्रॉटलपाशीच फवारणारी रचना) आहे त्यांनी हे किट घेऊ नये. जनरल मोटर्सच्या तशा गाड्यांत प्रेशर ९ ते १३ पीएसआयच असतं, आणि शंभरच्या गेजवर तिथला दोन-तीन पीएसआयचा फरक डोळ्याला नीट दिसत नाही. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना श्रेडर व्हॉल्व्हही नसतो. त्यांच्यासाठी तीसपर्यंतचा गेज आणि पेट्रोलच्या लाइनमध्ये बसणारा टी (तीन तोंडांचा जोड), असा वेगळा संच मिळतो.