पक्षाघातानंतरची झोप आणि रात्रीचं संगीत : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. सासूबाईंना पक्षाघात होऊन वर्ष होत आलं. त्यातले सात-आठ महिने आम्ही रोज रात्री त्यांना संगीत ऐकवतोय. पूर्वी झोप लागायला दोन-दोन तास जायचे, आता बहुतेक रात्री अर्ध्या-पाऊण तासात डोळा लागतो. मधली जाग तितकी कमी झालेली नाही. गोळ्या चालूच आहेत आणि संगीतामुळे त्या बंद करायचा विचारही कुणी करू नये. पण घरात असा पेशंट असेल तर हे करून बघाच, असं मी मनापासून सांगते.

आम्ही खानापूर तालुक्यातले, उपचार बेळगावात झाले. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती, त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं अडलं. व्यायाम, पथ्य, रक्तदाब यांबद्दल सगळे सांगतात, झोपेचा विषय मात्र घरी आल्यावरच समोर येतो. दिवसा पेंग आणि रात्री टक्क जागं. ‘झोप येईना गे’ हे आजारानंतरचं त्यांचं पहिलं नीट जुळलेलं वाक्य! रात्र अशी गेली की सकाळी व्यायामाला अंगात त्राण नसतं, चिडचिड होते, जेवणावरचं मन उडतं.

संगीताच्या आधी एक गोष्ट करा : पेशंट घोरत असेल, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगा. पक्षाघात झालेल्यांत हा त्रास फार आढळतो, निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांना असतो. त्यावर गाण्याचा काही उपयोग नाही. आम्ही तपासणी करून घेतली, मगच पुढे गेलो.

फिनलंडमध्ये हेलसिंकीला झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पक्षाघाताच्या ६० पेशंटांपैकी काहींना दोन महिने रोज तासभर आवडीचं संगीत ऐकवलं, काहींना ध्वनिपुस्तकं दिली, काहींना दोन्हींतलं काहीच नाही. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष जास्त सुधारलं, उदासीही कमी राहिली. हा अभ्यास झोपेचा नव्हता. निद्रानाश असलेल्या प्रौढांवरच्या १३ अभ्यासांचा कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा २०२२ चा आहे. त्यात संगीताने झोपेचा दर्जा सुधारतो असं दिसलं, पण तो खास पक्षाघाताबद्दल नाही. या दोन्हींच्या मधली जागा आम्ही घरी चाचपडत भरली.

आणि घरी जे कळलं ते हे, की आवडीचं संगीत आणि झोपेचं संगीत ही दोन वेगळी असू शकतात. सासूबाईंचं सगळं आयुष्य हरिपाठात आणि अभंगात गेलेलं. अभंग लावला की त्या जाग्या व्हायच्या, अगदी उत्साहाने! बोलताना ‘पाणी’ हा शब्द सापडत नव्हता, पण अभंगाची ओळच्या ओळ सुरात यायची. गाण्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो, म्हणून डावी बाजू दुखावलेल्यांना असं जमू शकतं. फार मोलाची गोष्ट आहे ही, पण रात्री दहाची नव्हे. म्हणून अभंग दिवेलागणीला ठेवले. आमच्या फिजिओथेरपिस्ट कन्नड बोलणाऱ्या, त्यांनी पंडित भीमसेन जोशींची दासवाणी, म्हणजे कन्नड हरिदासांची भक्तिपदं, सुचवली. त्याच आवाजातले मराठी अभंग ओळखीचे असल्यामुळे सासूबाईंनी ती पदं लगेच आपलीशी केली, संध्याकाळी दोन्ही भाषा चालतात.

रात्री शब्द नकोत. बासरी, संतूर, सतार सगळं लावून पाहिलं. इथे आपल्या रागसंगीताची एक अडचण आहे आणि ती कुणी सांगत नाही. सुरुवात संथ आलापाने, पुढे तबला, शेवटी द्रुत लय आणि ‘झाला’, म्हणजे सगळ्यात वेगवान भाग. म्हणजे झोपेला हवं त्याच्या बरोबर उलट! डोळे मिटायला लागले की ‘झाला’ सुरू होतो. माझ्या नवऱ्याने बासरीचे फक्त आलाप वेगळे काढून एकापुढे एक जोडले, शेवटी नुसता तानपुरा. झोपेसाठी साधारण मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांची लय सुचवतात. तालच नसलेला संथ आलाप त्याहूनही चांगला, असं माझं मत झालंय. अमुक रागाने अमुक आजार बरा होतो असं सांगणारे भेटले, पण आम्हाला राग बदलून फरक दिसला नाही, लय बदलून दिसला.

साधन साधं घ्या. हेडफोन नको, कुशीवर वळताना कानाला रुततो आणि लुळ्या हाताने काढता येत नाही. छोटा स्पीकर उशीपासून हातभर लांब, आवाज इतकाच की त्यावर हळू बोललेलं ऐकू यावं. पाऊण तासाने आपोआप बंद होईल असा टायमर हवाच. गाणी मेमरी कार्डवर भरून घ्या. मोफत ॲपवर ऐन झोपेच्या वेळी जाहिरात ओरडते, आणि पावसाळ्यात आमच्याकडे नेटचा भरवसा नाही. वेळ रोज एकच ठेवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही वाटलं नाही तरी थांबू नका, आम्हाला फरक महिन्यानंतर जाणवला.

डॉक्टरांनी पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावली भरून घेतली होती. गुण ० ते २१, पाचाच्या वर म्हणजे झोप वाईट. सुरुवातीला १४ आले होते, आता ९. म्हणजे झोप अजून चांगली नाहीच, पण सकाळच्या व्यायामाला त्या आता स्वतःहून उठून बसतात.

पहाटे तीनची जाग राहिली आहे. तेव्हा पुन्हा बासरी लावून उपयोग होत नाही, उलट शेजारी झोपलेली नात उठते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणून बघा असं डॉक्टर म्हणालेत, सध्या तेच चालू आहे.