प्ले स्टोअर की व्हॉट्सॲपवर आलेली एपीके?

परभणीच्या मोंढ्यात बसलेल्या काकांच्या फोनवर पीक विम्याच्या नावाची एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाईल, आली. उघडताच तिनं मागितलं काय, तर एसएमएस वाचायची परवानगी! विम्याच्या ॲपला आमचे मेसेज कशाला? ओटीपी पळवायला, दुसरं काय.

प्ले स्टोअरही धुतल्या तांदळासारखं नाही, भामटे तिथंही घुसतात. पण २०१८ साली गूगलनं एसएमएसच्या परवानगीवर निर्बंध घातले, त्यामुळे तिथल्या बहुतेक ॲप्सना ती मागताच येत नाही. व्हॉट्सॲपवरची एपीके मात्र या चाळणीतून गेलेलीच नसते.

मी स्टोअरच्याच बाजूचा. काकांच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला ‘अनोळखी ॲप’ इन्स्टॉल करायची मुभा चालू होती. ती आधी बंद केली. काका म्हणाले, "आन् हप्ता?" म्हटलं, बँकेत जाऊन विचारू.