एमआर२ टर्बोची ताकद वाढवून देतो म्हणत २,९०० पौंड लाटले

इंग्लंडात जुनी एमआर२ (टोयोटाची दोन सीटची स्पोर्ट्स कार, इंजिन सीटच्या मागे) बाळगणाऱ्या मराठी मंडळींनो, इंजिनची ताकद वाढवून देणाऱ्या कुठल्याही ट्यूनिंगवाल्याला पैसे देण्याआधी हे वाचा.

गाडी १९९१ची, जपानहून आयात केलेली एसडब्ल्यू२०, म्हणजे दुसऱ्या पिढीची एमआर२, टर्बो. इंजिन दुसऱ्या पिढीचं ३एस-जीटीई, १,९९८ सीसी, मूळची ताकद २२५ पीएस (अश्वशक्ती). बिल असं: टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) रीबिल्ड १,१५० पौंड, मिनिटाला ५४० सीसी पेट्रोल सोडणारे चार इंजेक्टर ४२०, ईसीयू रिमॅप (इंजिनच्या संगणकात नवा प्रोग्राम) ६८०, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप ५४०, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चाचणी ११०. एकूण २,९००. यातलं एकही काम झालं नव्हतं, आणि डायनोचा कागदही खोटा.

चोरी पकडायची जागा समोरच होती. गॅरेजवाल्याने लॅपटॉपची केबल इंजिनजवळच्या डायग्नॉस्टिक डबीत खोचली आणि ‘रिमॅप चालू आहे’ म्हणत स्क्रीनवर आलेख नाचवले. १९९१च्या टोयोटात त्या डबीतून नवा प्रोग्राम घालताच येत नाही! तिथे टीई१ आणि ई१ या दोन पिना जोडल्या की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकून दोषाचे कोड दाखवतो आणि इग्निशन टायमिंगचे (ठिणगी पडण्याच्या वेळेचे) १० अंश तपासता येतात, बस्स. या गाडीला पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडायचा जादा संगणक) किंवा पूर्ण स्वतंत्र ईसीयू लागतो, आणि तो बसवला की वायरिंगमध्ये दिसतो. किल्ली त्याच क्षणी परत घ्यायला हवी होती. आठवलं की आजही अंगाची लाही होते. पण नव्या गाड्यांना अशीच केबल लावून खरोखर रिमॅप होतं, मग कुणाला संशय येणार? आणि इंजेक्टर सीटमागच्या भिंतीच्या बाजूला, हवेच्या मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली). ते वरून कुणाला दिसतात?

दुसऱ्या मेकॅनिकने उघडल्यावर सगळं बाहेर आलं. सीटी२६ मॉडेलचा टर्बो बाहेरून घासून चकचकीत केलेला, आत शाफ्ट ढिलाच, टर्बाइन हाउसिंगला जुनी चीर. इंजेक्टर मूळचेच, ४४०चे. खरे ५४०चे असते तर जुन्या ईसीयूवर जवळपास २३ टक्के जास्त पेट्रोल सुटून आयडल (उभ्या गाडीतलं इंजिनचं संथ चालणं) बिघडलं असतं. काहीच बिघडलं नाही, हाच पुरावा. बेल्ट भेगाळलेला जुनाच. काम करून घेताना जुने सुटे भाग परत हवेत, हे आधीच लेखी घ्या.

मग गाडी जोरात का पळत होती? वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) नळीत हवा गळू देणारा ब्लीड व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढतो, आणि प्रेशर सेन्सरच्या वायरवर ईसीयूला दाब कमी भासवणारा फ्युएल कट डिफेंडर. १२ पीएसआय दाबाच्या आसपास ईसीयू पेट्रोल तोडतो ते इंजिन वाचवायला. ते संरक्षण मारून बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, १६वर नेला होता. हवा मोजणाऱ्या एअरफ्लो मीटरची झडप पूर्ण उघडल्यावर पुढची हवा ईसीयूला मोजताच येत नाही. मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), हवा थंड करणाऱ्या छोट्या साइड इंटरकूलरमधून तापलेलीच हवा येते, नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंग-लँड (रिंगांमधल्या कडा) तुटतात. हा निव्वळ घातपात आहे.

डायनोच्या कागदावर ताकद २९१ बीएचपी. आणि हवेचं तापमान ४८ अंश, तेही फेब्रुवारीत! तापमानाचा सेन्सर गरम जागी ठेवला की करेक्शन, म्हणजे हवामानाप्रमाणे होणारी आकड्याची दुरुस्ती, आकडा फुगवतं. बीएचपी आणि टॉर्कचे पौंड-फूट एकाच मापावर काढले असतील तर दोन्ही रेषा ५,२५२ आरपीएमला छेदल्याच पाहिजेत, हेही बघत जा.

पोलिसांनी ‘दिवाणी वाद’ म्हणून तक्रारच घेतली नाही. न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही चोरी नाही तर काय? ग्राहक हेल्पलाइनने संदर्भ क्रमांक दिला आणि हात झटकले. स्थानिक कौन्सिलचं उत्तर: वैयक्तिक प्रकरणात आम्ही पडत नाही. ज्या संघटनेची पाटी गॅरेजच्या भिंतीवर आहे, ती म्हणते सभासदत्व कधीच संपलंय. मग पाटी उतरवायला लावा म्हटलं तर गप्प! क्रेडिट कार्डाच्या बँकेने तर कहर केला. ३०० पौंड कार्डावर दिले होते, २,६०० ट्रान्सफरने. बँक म्हणे फक्त ३००चा विचार करू. साफ चूक. १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५प्रमाणे किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,०००पर्यंत असेल, तर थोडीच रक्कम कार्डावर असली तरी पूर्ण किमतीची जबाबदारी कार्ड कंपनीवरही येते. डेबिट कार्डाला हे लागू नाही. बँकेने नकार दिला किंवा आठ आठवडे लोटले की फायनान्शियल ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे) जा. गॅरेजला दाव्याआधीचं लेखी पत्र द्या. १०,००० पौंडांपर्यंतचा दावा कोर्टाच्या स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या दाव्यांत) बसतो. दुसऱ्या मेकॅनिकचा सहीचा अहवाल आणि काही सोडवण्याआधीचे फोटो हवेतच.

अशा ठिकाणाहून गाडी आणली असेल तर आजच वेस्टगेटची नळी हाताने चाचपा. मध्ये ब्लीड व्हॉल्व्हचा जोड लागला तर तो काढेपर्यंत फुल थ्रॉटल देऊ नका.