दाबून फिरवायचं झाकण: चांगलं आहे, पण फक्त वेळ मिळवून देतं

औषधांच्या आणि नळी साफ करण्याच्या रसायनांच्या बाटल्यांना हे झाकण असतं. एकात एक बसवलेली दोन झाकणं अशी त्याची रचना. आतलं आट्यांवर बसतं, बाहेरचं नुसतंच फिरतं. वरून दाबलं की दोघांचे दाते एकमेकांत अडकतात आणि मगच बाटली उघडते. दाबणं आणि फिरवणं एकाच वेळी करणं बहुतेक लहान मुलांना जमत नाही. साध्या झाकणापेक्षा हे नक्कीच सरस.

पण आयएसओ 8317 या, मुलांना सहज उघडता न येणाऱ्या झाकणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची चाचणी नीट समजून घ्या. 42 ते 51 महिन्यांच्या मुलांना बाटली 5 मिनिटं देतात, मग झाकण उघडून दाखवतात आणि आणखी 5 मिनिटं देतात. एकूण 10 मिनिटांत 100 पैकी 20 मुलांनी ते उघडलं, तरी झाकण उत्तीर्ण! म्हणून बाटली उंचावर, कुलपातच हवी.

झाकण फसतं ते बहुतेक आपल्याच हातून. अर्धवट फिरवून ठेवलं, की दाते असून नसल्यासारखे. सिरपचा ओघळ आट्यांत सुकला, तर झाकण तळापर्यंत बसत नाही. प्रत्येक वेळी बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. बंद केल्यावर न दाबता उलटं फिरवून पाहा: नुसती टिकटिक झाली तर ठीक, उघडलं तर झाकण निकामी. बाहेरचं कवच तडकलं असेल तरी तेच समजा. काही झाकणं उलटी बसवली की साधी होतात, हेही तपासा. आणि रसायन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नका. तिथे झाकणाचा काहीच उपयोग उरत नाही.

मुलाने रसायन किंवा रॉकेल प्यायलंच, तर ओकारी काढू नका. जळजळणारं द्रव परत येताना अन्ननलिकेला पुन्हा भाजतं आणि रॉकेल फुप्फुसात जाऊ शकतं. तोंडात उरलेलं पुसून काढा आणि बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

एक उणीव खटकते. संधिवाताच्या बोटांना हे दाबणं अवघड जातं, आणि मग घरातले आजी-आजोबा झाकण सैलच ठेवतात. त्यांच्या गोळ्यांसाठी सोपं झाकण आणि कुलपाची पेटी हीच जोडी बरी.